चावी कुणाकडे ठेवता?

२०१९ मध्ये 'सायन्स' या मासिकात पाकिटांचा एक अभ्यास छापून आला होता, मी तो इतक्या जणींना सांगितलाय की आता एकदाचा इथे लिहूनच टाकते. संशोधकांनी काय केलं, ४० देशांतल्या ३५५ शहरांत मिळून १७ हजारांच्या वर पाकिटं मुद्दाम लोकांच्या हातात दिली. त्यांचा माणूस बँकेत, पोस्टात, हॉटेलात, थिएटरात नाहीतर पोलीस चौकीत जायचा, काउंटरवर म्हणायचा की हे बाहेर रस्त्यावर सापडलं, मला घाई आहे, तुम्ही बघाल का जरा, आणि निघून जायचा. पाकीट पारदर्शक, आत मालकाचं नाव आणि ईमेल असलेली कार्डं, तिथल्या भाषेत लिहिलेली किराण्याची यादी आणि एक किल्ली. काही पाकिटांत थोडे पैसे, काहींत अजिबात नाहीत. मग वाट बघायची, काउंटरवरचा माणूस मालकाला कळवतो की नाही.

कुठली पाकिटं जास्त परत आली असतील? मी ज्यांना विचारलं ते सगळे पटकन म्हणाले, बिनपैशाची, पैसे असलेलं कोण कशाला परत करेल. संशोधकांनी अर्थतज्ज्ञांना विचारलं तर त्यांचाही अंदाज चुकला. प्रत्यक्षात बिनपैशाची पाकिटं सरासरी ४० टक्के परत आली आणि पैसेवाली ५१ टक्के! ४० पैकी ३८ देशांत हेच झालं आणि त्या ३८ मध्ये आपला भारतही आहे. अमेरिका, ब्रिटन आणि पोलंडमध्ये त्यांनी पुढे जाऊन शंभर डॉलरच्या आसपास रक्कम ठेवून बघितली तर प्रमाण ७२ टक्क्यांवर गेलं. संशोधकांचं म्हणणं असं की पैसे जितके जास्त तितकं ते ठेवून घेणं ही चोरी वाटायला लागते आणि माणसाला स्वतःच्या नजरेत चोर व्हायचं नसतं. आणि काही पाकिटांत त्यांनी मुद्दाम किल्ली ठेवलीच नव्हती, तर किल्ली असलेली पाकिटं जास्त परत आली, किल्ली नसलेली कमी. मला सगळ्यात आवडतं ते हे. किल्लीचा उपयोग फक्त मालकालाच, दुसऱ्या कुणाला काही नाही, म्हणजे कुठलातरी अनोळखी माणूस उभ्या उभ्या विचार करत होता की अरे हा बिचारा घराबाहेर अडकला असेल.

आता याचा आणि आनंदाचा संबंध काय, तर आहे, आणि चांगलाच आहे. वर्ल्ड हॅपिनेस रिपोर्ट तुम्ही ऐकला असेल, २०१२ पासून निघतो, त्यात लोकांना विचारतात की शून्य ते दहा पायऱ्यांची शिडी समजा, तुमचं आयुष्य कुठल्या पायरीवर आहे. २०१८ ते २०२५ प्रत्येक वर्षी फिनलंड पहिला. २०२५ मध्ये भारत १४७ देशांत ११८वा. आपल्याकडे दरवर्षी यावर एकच चर्चा होते, अमुक देश आपल्या पुढे कसा, हे सगळं पाश्चात्य लोकांचं गणित आहे वगैरे, आणि दोन दिवसांत विषय संपतो. पण त्या २०२५ च्या रिपोर्टमध्ये पाकिटांवर मोठा भाग आहे आणि तो कुणी वाचत नाही. त्यात म्हटलंय की आपलं पाकीट हरवलं तर शेजाऱ्याला, अनोळखी माणसाला नाहीतर पोलिसाला सापडल्यावर ते परत येईल असं ज्यांना वाटतं ते लोक जास्त समाधानी असतात. आणि लोकांना जितकी पाकिटं परत येतील असं वाटतं त्याच्या जवळपास दुप्पट प्रत्यक्षात येतात.

म्हणजे आजूबाजूची माणसं आपल्याला वाटतात त्यापेक्षा चांगली आहेत आणि ती वाईट आहेत असं धरून चालण्याचा त्रास आपल्यालाच होतो. मला हे वाचून खरंच वाईट वाटलं. रोज घरातून निघताना आपण केवढं ओझं घेऊन निघतो, रिक्षावाला फसवेल, भाजीवाला वजनात मारेल, नवीन कामवाली काहीतरी उचलेल, पार्किंगमध्ये कुणीतरी गाडीला ओरखडा काढून जाईल, आणि यातलं काही घडलं नाही तरी दिवसभर ते डोक्यात चालूच असतं.

त्याच रिपोर्टमध्ये अजून एक प्रश्न वर्षानुवर्षं विचारतात: अडचणीत सापडलात तर हवं तेव्हा मदतीला येतील असे नातेवाईक किंवा मित्र तुम्हाला आहेत का? हो किंवा नाही, एवढंच उत्तर. देशादेशांमधला आनंदाचा फरक समजून घेताना पैसा आणि आयुर्मान यांच्या बरोबरीने हे एवढंसं उत्तर उपयोगी पडतं. हार्वर्डचा तो प्रसिद्ध अभ्यास, १९३८ पासून चालू असलेला, ७२४ मुलांपासून सुरुवात झाली, त्यात काही हार्वर्डमधले विद्यार्थी आणि बाकीची बॉस्टनच्या गरीब वस्त्यांमधली मुलं, त्याचाही सूर हाच आहे. पन्नाशीत ज्यांची नाती चांगली होती ते ऐंशीत जास्त धडधाकट होते, आणि हे त्यांच्या कोलेस्टेरॉलच्या आकड्यावरून कळलं त्यापेक्षा नात्यांवरून जास्त नीट कळलं.

पण हे झालं जवळच्या माणसांचं. मला लिहायचंय ते मधल्या माणसांबद्दल, जी ना घरची ना परकी. आमचे इस्त्रीवाले काका, कचऱ्याच्या मावशी, सकाळी टेकडीवर रोज भेटणारे आजोबा ज्यांचं नाव मला माहीत नाही पण त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी आहे ते माहीत आहे, अमृततुल्यवाला जो मला बघून साखर कमी टाकतो. अशा ओळखींवर २०१४ मध्ये दोन चांगले अभ्यास आले. एकात कॉफीच्या दुकानात काही लोकांना सांगितलं की काउंटरवरच्याशी दोन शब्द बोला, हसा, आणि काहींना सांगितलं की झटपट काम उरकून निघा, तर बोलणारे जास्त खूश होऊन बाहेर पडले. दुसरा शिकागोच्या लोकलमध्ये, तिथे लोकांना आधी वाटत होतं की शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलावं लागलं तर प्रवास कंटाळवाणा होईल, प्रत्यक्षात बोललेल्यांचा प्रवास गप्प बसलेल्यांपेक्षा छान झाला. पुन्हा तेच बघा, समोरच्याबद्दलचा आपला अंदाज कमी आणि माणूस जास्त चांगला.

मी नाना पेठेत वाड्यात वाढले. दुपारी आई दार लोटून घ्यायची, कडी नाही लावायची, आणि आम्ही शाळेतून आलो की ज्या घरात वास चांगला येत असेल तिथे जेवायचो. पालखीच्या दिवसांत तर विचारूच नका, तुकोबांची पालखी निवडुंग्या विठोबाला आणि माउलींची भवानी पेठेत पालखी विठोबाला, दोन्ही हाकेच्या अंतरावर, त्यामुळे पूर्ण वाडा वारकऱ्यांनी भरायचा. चौकात, जिन्याखाली, गॅलरीत माणसं झोपलेली असायची. पहाटे मोरीपुढे रांग. घरात लग्नाचे दागिने होते, पितळेची भांडी होती, आणि ओळख ना पाळख अशी माणसं उंबऱ्याच्या आत. कुणी कधी विचारलं नाही की बाबा तू कुठला, कोण. पुढच्या वर्षी तीच दिंडी परत यायची, एक आजी माझ्यासाठी गावाकडच्या शेंगा आणायच्या आणि मी किती उंच झाले ते दाराच्या चौकटीला उभं करून बघायच्या.

तरीही वाड्याची नुसती आरती करायची माझी इच्छा नाही. जुन्या पुण्यावर बोलताना आपण एक गोष्ट कायम सोडून देतो, की वाड्यात खोली कुणाला मिळायची आणि कुणाला नाही हे आडनावावर ठरायचं. आतल्यांचा आतल्यांवर गाढ विश्वास आणि बाहेरच्यांना दार बंद. रॉबर्ट पुटनम नावाचे अमेरिकन अभ्यासक आहेत, त्यांनी हा फरक फार नीट मांडलाय, एक संबंध असतात आपल्यासारख्यांनाच घट्ट बांधणारे आणि दुसरे वेगळ्या माणसांपर्यंत पूल टाकणारे. पहिले अडीअडचणीला उपयोगी पडतात हे खरं, पण नुसते पहिलेच असतील तर शहर म्हणजे शेजारी शेजारी ठेवलेले बंद डबे होतात. आणि हे जुनं झालं असं कुणी म्हणू नये. परभणीहून एमपीएससीच्या तयारीला आलेली माझ्या मैत्रिणीची भाची मागच्या वर्षी खोली शोधत फिरत होती, तर फोनवर भाडं सांगायच्या आधी पूर्ण नाव विचारायचे, नाव सांगितलं की खोली कालच गेली. मुस्लिम कुटुंबांना तर आजही चांगल्या शिकल्या-सवरलेल्या सोसायट्यांमध्ये भाड्याने घर मिळत नाही, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. ज्या मुलीला शहरात पाय ठेवताच असा अनुभव येतो तिला आपण कुठल्या तोंडाने सांगणार की माणसांवर विश्वास ठेव, आनंदी राहशील? विश्वास हा एकट्याने मनात आणायचा चांगला विचार नाही, समोरच्यानेही तो तुमच्यावर टाकावा लागतो. पालखीचे ते दोन दिवस मला म्हणूनच एवढे मोलाचे वाटतात, तेव्हा तोच वाडा आडनाव विचारायचं विसरायचा.

बायकांना हा सगळा विषय अजून वेगळा लागू होतो हेही सांगते. रात्री अकरा वाजता कॅबमध्ये बसलेल्या मुलीने लोकेशन शेअर करू नये, निवांत राहावं, असं मी मुळीच म्हणणार नाही. तिची सावधगिरी तिने अनुभवातून कमावली आहे. पण त्या मुलीला सोसायटीच्या गेटवर ओळखीचा वॉचमन दिसला की तिचे खांदे कसे सैल पडतात ते मी माझ्या लेकीत बघते, आणि वॉचमन दर दोन महिन्यांनी बदलत असेल तर तेही जातं.

भिशी घ्या. आमची भिशी कितीतरी वर्षं चालू आहे, दर महिन्याला सगळ्या ठरलेले पैसे काढतात, चिठ्ठी उडवायची, जिचं नाव येईल ती पूर्ण रक्कम घेऊन जाते. लिहिलेलं काही नाही, सही नाही, तारण नाही. जिला पहिल्याच महिन्यात रक्कम मिळाली ती दुसऱ्या महिन्यापासून आलीच नाही तर कुणी काही करू शकत नाही. तरी ती येते. येतेच, शिवाय कुणाच्या घरी दवाखाना निघाला तर बाकीच्या आपणहून म्हणतात, या महिन्यात चिठ्ठी नको, हिलाच देऊ. महाराष्ट्रात अशा भिशी किती चालत असतील, कुठल्याही बँकेला धडकी भरेल असा हा व्यवहार बायका पोहे खाता खाता करतात. आणि खरं सांगू, त्या दिवशी पैशापेक्षा बाकीचंच जास्त होतं, कुणाचा बीपी वाढलाय, कुणाची सून कामाला लागली, सगळं तिथे कळतं.

हे सगळं सुखाच्या दिवसांत छान वाटतं म्हणून एवढं लिहीत नाहीये मी. १९९५ च्या जुलैमध्ये शिकागोत भयानक उष्णतेची लाट आली होती, सातशेहून जास्त माणसं गेली, त्यातले बरेचसे म्हातारे, एकटे, खिडक्या-दारं बंद करून बसलेले. एरिक क्लिनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने नंतर दोन वस्त्यांची तुलना केली, एकमेकींना लागून, दोन्ही गरीब, एकटे म्हातारेही दोन्हीकडे सारखेच, पण नॉर्थ लॉनडेलमध्ये साउथ लॉनडेलच्या कितीतरी पट जास्त मृत्यू. फरक काय होता, तर एका वस्तीत दुकानं बंद पडलेली, प्लॉट ओसाड, म्हाताऱ्यांना बाहेर पडायची भीती वाटायची. दुसरीकडे फुटपाथवर गर्दी, दुकानं चालू, त्यामुळे म्हातारी माणसं रोज खाली उतरायची आणि एखादी दिसली नाही तर कुणाच्या तरी लक्षात यायचं. जीव वाचवायला जिवलगच लागतात असं नाही, तुम्ही आज दिसला नाहीत हे लक्षात येईल असं कुणीतरी लागतं. डॅनियल आल्ड्रिच हे दुसरे एक अभ्यासक, त्यांनी जपानमधल्या १९९५ च्या कोबे भूकंपापासून ते २००४ च्या त्सुनामीनंतरच्या तामिळनाडूपर्यंत बघितलं, सगळीकडे तेच, ज्या वस्तीत लोक एकमेकांना ओळखत होते ती लवकर उभी राहिली.

पुण्याला हे परक्याकडून शिकायची गरजच नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला, अर्ध्या पेठा पाण्याखाली गेल्या, तेव्हा कोण कुणाच्या घरी राहिलं याच्या गोष्टी आमच्या घरात आजी मरेपर्यंत सांगत होती. आणि आत्ता, २५ जुलै २०२४ ला, सिंहगड रोडला एकतानगरीत पहाटे पाणी शिरलं ते आमच्या घरापासून फार लांब नाही. माझी एक मैत्रीण तिथे तळमजल्यावर राहते. पाणी आलं तेव्हा अंधार, लाइट गेलेली, तिला उठवलं ते तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी, का तर त्यांना माहीत होतं की हिचा नवरा गावाला गेलाय आणि सासूबाईंना ऐकू कमी येतं. हे त्यांना कसं माहीत होतं? आदल्या आठवड्यात जिन्यात उभं राहून पाच मिनिटं बोलणं झालं होतं. अलर्ट, बोटी, लष्कर सगळं नंतर आलं आणि त्याचीही गरज होतीच, पण पहिल्या अर्ध्या तासात वरच्या मजल्याचं दार उघडं होतं.

आता कुणी म्हणेल, ताई, जमाना फसवणुकीचा आहे. आहेच. ओटीपी कुणाला देऊ नका, अनोळखी लिंक उघडू नका, मी स्वतः माझ्या वडिलांना रोज सांगते. पण त्या डिजिटल अरेस्टवाल्यांचं, म्हणजे खोटे पोलीस बनून व्हिडिओ कॉलवर अटकेची भीती घालून पैसे उकळणाऱ्यांचं तंत्र नीट बघा. पहिली अट काय असते? व्हिडिओ कॉल बंद करायचा नाही आणि कुणाला सांगायचं नाही. ना मुलाला, ना शेजाऱ्याला. त्यांचा सगळा धंदा माणूस एकटा पडण्यावर चालतो. ज्या आजोबांकडे दहा वाजता शेजारचे काका पेपर घ्यायला येतात आणि दार उघडेपर्यंत बेल वाजवत राहतात, त्यांना दोन दिवस घरात कोंडून ठेवणं अवघड आहे. म्हणजे फसवणुकीच्या भीतीने आपण माणसं तोडत जातो आणि तुटलेल्या माणसालाच फसवणं सोपं जातं.

त्यामुळे मला आजकाल कुणी विचारलं की तुझ्या एरियात कसं वाटतं तर मी उलट विचारते, तुमच्या घराची जादा चावी कुणाकडे असते? आमची समोरच्या काकूंकडे आहे आणि त्यांची आमच्याकडे. त्यांच्या मुलाने स्मार्ट लॉक बसवून द्यायची तयारी दाखवली, काकू नको म्हणाल्या, मला म्हणाल्या की चावी द्यायला-घ्यायला तुझ्याकडे यावं लागतं तेवढीच भेट होते. बऱ्याच जणांना उत्तर देता येत नाही आणि त्यात त्यांचा दोष मला दिसत नाही. दर ११ महिन्यांनी भाडेकरार बदलायचा, हिंजवडीला जाऊन-येऊन रोजचे तीन तास ट्रॅफिकमध्ये, घरी आल्यावर सामान दहा मिनिटांत दारात, पैसे फोनवरून, मग ओळख होणार कधी. चावी देण्याइतका विश्वास हा शंभर फुटकळ व्यवहारांनंतर येतो, उद्या देते सुट्टे, माझं पार्सल घेऊन ठेवा, मुलगा अर्धा तास तुमच्याकडे बसवते. ते व्यवहारच आपण एकेक करून काढून टाकतोय, सोय म्हणून.

आणि म्हणूनच मी आमच्या सोसायटीतल्या एका प्रस्तावावर गेले काही दिवस तळमळतेय. कमिटीने काढलंय की यापुढे इस्त्रीवाले काका, दूधवाले, कचऱ्याच्या मावशी, सगळ्यांनी गेटवर थांबायचं, ॲपवर प्रत्येक घराची परवानगी आली तरच आत, लिफ्ट वापरायची नाही. आमच्या मावशी 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या आहेत, २००८ पासून पुण्यात घरोघर कचरा गोळा करणाऱ्या बायकांची ही स्वतःची संस्था आहे, आणि आमच्या मावशी या बिल्डिंगमध्ये निम्म्या कमिटी मेंबर्सच्या आधीपासून येतात. ओल्या कचऱ्यात गेलेला स्टीलचा चमचा धुऊन परत आणून देणारी बाई आहे ती. सहाव्या मजल्यावरच्या आजी दोन दिवस कचरा ठेवत नाहीत हे सगळ्यात आधी त्यांच्या लक्षात आलं होतं आणि त्यांनीच खाली येऊन सांगितलं, आजी तापाने फणफणल्या होत्या. त्यांना रोज सकाळी गेटवर उभं करून एकेका घराकडून हो म्हणवून घ्यायचं आणि मग सात मजले पायऱ्या चढायला लावायच्या? ॲपला माझा विरोध नाही, अनोळखी डिलिव्हरीसाठी ठेवा की. पण रोज येणाऱ्यांना कायमचा पास द्या, नाव आणि फोटोसकट, आणि लिफ्ट सगळ्यांना सारखी.

रविवारी साडेदहाला क्लब हाऊसमध्ये मीटिंग आहे. चेअरमनना मेसेज केलाय की हा विषय शेवटी ढकलू नका, तोपर्यंत अर्धे लोक उठून जातात. समोरच्या काकू येणार आहेत, सहाव्या मजल्यावरच्या आजीही येते म्हणाल्यात, बी विंगमधली अजून तीन-चार घरं हवीत, आज संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन येते.